क्योटोत मी अंगण झाडलं त्याची हकीकत

अहमदपूर, दि. ९ डिसेंबर

तीर्थस्वरूप अर्जुनराव दाजी यांस,

शिवशंकरचा साष्टांग नमस्कार. (हा लेखीच मानून घ्यावा. जपानी लोक जमिनीवर गादी टाकून झोपतात, त्या गादीने माझ्या कंबरेचा निकाल लावला असून आठांपैकी चारच अंगं सध्या वाकतात.) अक्कालाही नमस्कार. तुमची दाढ काढून झाली, की अजून लवंगेवरच भागवताय? अक्काचे गुडघे नांदेडच्या थंडीत धरत असतील तर तिला पहाटे ओट्यावर बसू देऊ नका, ती ऐकणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी माझं नाव सांगून बघा. आमच्याकडे सगळं ठीक. हिला खोकला आहे, पण तो मी जायच्या आधीपासूनच आहे, त्यामुळे जपानचा त्याच्याशी संबंध नाही.

तुम्ही फोनवर तीनदा विचारलंत, जपान कसं होतं, आणि मी तिन्ही वेळा ‘छान होतं’ म्हणालो. दाजी, मी खोटं बोललो. खरं बोलायची सोय नव्हती, कारण अक्का फोन स्पीकरवर टाकते आणि मग आपलं बोलणं संध्याकाळपर्यंत भोकरपासून देगलूरपर्यंत पोचतं. म्हणून हे पत्र. बालाजी उद्या त्याच्या केळीच्या बागेवर अर्धापूरला जाणार आहे, तो वाटेत नांदेडला उतरून पत्र तुमच्या हातात देईल. तुमच्या हातात, अक्काच्या नव्हे, हे त्याला दोनदा बजावलं आहे.

मी तिकडे देवळं आणि बागा बघायला गेलो नव्हतो. मी रेणुकादासला परत आणायला गेलो होतो. तुम्ही आमच्या गावात तहसीलला होता तेव्हा आमची जोडी पाहिलेलीच आहे. तीस वर्षं एका शाळेत, त्याचं मराठी, माझं गणित, आणि शिक्षकांच्या खोलीत टेबल एकच. निवृत्तीनंतर रोज सकाळी बसस्थानकापासून मोंढ्यापर्यंत फिरणं, जाताना एका विषयावर भांडण, येताना दुसऱ्यावर. गेल्या वर्षी विशाखावहिनी गेल्या. त्यांच्या मागे ओसाकाहून अनय आला (त्याचा एकुलता एक, तिकडे नोकरीला) आणि बापाला ‘चार महिने हवापालटाला’ म्हणून घेऊन गेला. त्याला आता चौदा महिने झाले. घराची किल्ली माझ्याकडे आहे, तुळशीला पाणी मी घालतो. आणि सप्टेंबरात अनयचा फोन आला की काका, घराला चांगलं गिऱ्हाईक असेल तर बघून ठेवा, बाबा इथं छान रमलेत. रमलेत! त्या दिवशी मला भाकरी गेली नाही. मी नसताना हा माणूस रमतोच कसा, हे मला समक्ष बघायचं होतं.

एकट्याने जायची हिंमत नव्हती म्हणून बालाजी आणि चंद्रप्पा यांना तयार केलं. आमच्या सकाळच्या फिरण्यातले हेच दोघे उरलेत. त्यांना खरं कारण सांगितलं नाही. नोव्हेंबरात तिकडची झाडं लाल होतात, देवळांच्या बागा बघायला जगभरचे लोक जातात, असं सांगून मोबाइलवर चित्रं दाखवली. चंद्रप्पा म्हणाला, “पानं बघायला एवढं दूर? हितं लिंबाची फुकट पडून राहिलीत की.” (तो उदगीरचा, एसटीत वाहतूक नियंत्रक होता. कुठलाही प्रवास म्हटला की आधी तो रद्द करता येईल का ते बघतो.) पण तिकडच्या गाड्या एक मिनिटही उशिरा येत नाहीत असं मी सांगताच तो म्हणाला, हे थापा मारतात, मी स्वतः जाऊन बघतो. असा तो तयार झाला.

निघतानाच बालाजीने घोळ घातला. त्याने पिशवीत अर्धापूरच्या केळांच्या चार फण्या घेतल्या. रेणुकादासने वर्षभरात केळ पाहिलं नसेल, अशी त्याची समजूत. (जपानात केळी मिळतात. पहिल्याच दुकानात दिसली. बालाजी तिथे दहा मिनिटं उभा राहून नाक मुरडत होता.) विमानात शेजारच्याने सांगितलं की तिकडे फळं नेऊ देत नाहीत, सापडली तर फेकतात. आपल्या बागेतलं केळ फेकणार म्हटल्यावर बालाजी उठला आणि विमानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पंगतीत वाढावं तशी केळी वाढत गेला. “घ्या, लाजू नका, घरची हायेत.” हवाई सुंदरी त्याच्या मागे ‘सर, सर’ करत फिरत होती, शेवटी तिच्याही हातात एक आलं. उरलेली नऊ आम्ही तिघांनी विमान खाली उतरत असताना पट्टे बांधून संपवली. मी ओसाकाला उतरलो तो पोट धरून, आणि त्याच अवस्थेत मला ओकुमुरा पहिल्यांदा दिसला.

इथे जरा थांबून ओकुमुराबद्दल लिहितो, कारण बारा दिवस मी बाकी फारसं काही पाहिलं नाही. रेणुकादास घ्यायला येणार हे ठरलेलं होतं. माझ्या मनातलं चित्र असं की तो वाळून गेला असेल, डोळे खोल गेले असतील, आणि मला बघताच म्हणेल, शिवा, मला घेऊन चल. प्रत्यक्षात तो गुटगुटीत झाला होता. गालांवर लाली होती. डोक्यावर राखी लोकरीची टोपी, आणि शेजारी त्याच्याच वयाचा एक गृहस्थ, त्याच्याही डोक्यावर राखी लोकरीची टोपी. टोप्या एकाच हातच्या विणीच्या होत्या, दाजी, मी जवळ जाऊन बघितल्या. ज्या रेणुकादासने शिक्षणाधिकाऱ्यापुढे कधी मान लववली नाही तो मला बघून कमरेत वाकला. शेजारचा त्याहून खाली वाकला. मग मला वाकावं लागलं, आणि त्याबरोबर केळी वर आली. विमानतळावर फार स्वच्छता असते. होती.

हा ओकुमुरा म्हणजे रेल्वेतला निवृत्त गार्ड, वय बहात्तर, बायको वारलेली, घर अनयच्या घरापासून तिसरं. त्याला मराठी येत नाही, हिंदी येत नाही, इंग्रजीत तो फक्त ‘थँक्यू’ म्हणतो. रेणुकादासला जपानी मोजून वीस शब्द येतात (त्यांतले सहा भाज्यांचे आहेत). आणि हे दोघे वर्षभर रोज सकाळी सहाला मिळून फिरायला जातात. सहाला! अहमदपुरात याला उठवायला मी पावणेसहापासून फाटकाची कडी वाजवायचो आणि हा सव्वासहाला दात घासत बाहेर येऊन माझ्यावरच खेकसायचा. मला मत्सर वाटला. उगाच आडपडदा कशाला, चांगला पोटातून उठलेला मत्सर वाटला, केळांचा त्यात काही भाग असला तरी थोडाच.

आपली माणसं तरी आपल्या बाजूने राहतील असं मी धरून चाललो होतो. चंद्रप्पा आधी फुटला. ओकुमुरा रेल्वेचा आणि हा एसटीचा, दोघांची जात एक. दुसऱ्या दिवशी क्योटोच्या गाडीत बसताना दोघांनी एकदमच मनगटावरचं घड्याळ बघितलं, गाडी ठरल्या सेकंदाला हलली, आणि चंद्रप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर तो ओकुमुराला ‘मुरारी अण्णा’ म्हणू लागला. बालाजीही टिकला नाही. ओकुमुराने परसातला मांडीएवढा मुळा उपटून त्याच्या हातात ठेवला, तो त्याने तान्ह्या लेकरासारखा अर्धा दिवस कडेवर वागवला. मला ओकुमुराने एका कुंडीतलं झाड दाखवलं. दोनशे वर्षांचं म्हणे, आणि उंची वीतभर. आमच्याकडे असं झाड निघालं तर लोक कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार घेऊन जातात, असं मी म्हणालो. रेणुकादासने त्याचं भाषांतर केलं नाही.

आता देवळांचं. तिकडची देवळं लाकडाची, फार मोठी, आणि आत गोंगाट नाही. घंटा नाही, रांगेत ढकलाढकल नाही, ‘चला पुढं चला’ म्हणणारा कुणी नाही, त्यामुळे देव आहे की नाही याचाच आधी अंदाज येत नाही. चपला बाहेर काढायच्या, आत त्यांच्या सपाता घालायच्या, चटईवर त्याही काढायच्या आणि संडासात वेगळ्या घालायच्या. हे मला कुणी नीट सांगितलं नाही. मी संडासातल्या हिरव्या सपाता घालून थेट मुख्य गाभाऱ्यासमोर जाऊन हात जोडून उभा राहिलो. ओकुमुरा गुडघ्यांवर बसून आला, माझ्या पायांतल्या सपाता अलगद काढल्या, आणि वाकून नमस्कार करून घेऊन गेला. त्याने मला चार लोकांत झापलं असतं तर मी त्याला माफ केलं असतं. वर रेणुकादास माझ्या वतीने तिथल्या साधूची क्षमा मागत होता. माझ्या वतीने! तीस वर्षांत वर्गात खडू संपला म्हणून याने कधी क्षमा मागितली नाही.

पण खरा घाव दगडांच्या बागेत बसला. क्योटोत एका देवळात बाग आहे, तिच्यात एकही झाड नाही. पांढरी खडी पसरलेली, तिच्यावर दाताळ्याने ओढलेल्या रेघा, आणि मधे पंधरा दगड. लोक समोरच्या ओसरीवर बसून ते दगड बघतात. (आपल्याकडे एवढी खडी रस्त्यालगत दिसली की लोक ‘बांधकाम कुणाचं?’ असं विचारतात.) रेणुकादास आणि ओकुमुरा शेजारी शेजारी बसले आणि गप्प झाले. मला वाटलं दोन मिनिटं. दहा झाली, वीस झाली, पाऊण तास झाला. दाजी, हा माणूस माझ्यासोबत पाऊण मिनिट गप्प बसलेला नाही. माझ्या बापाच्या दहाव्याला याने नदीवर बसून माझ्याशी चहाच्या भावावरून वाद घातला होता. आणि इथे एका परक्या गार्डाशेजारी शांत बसून दगड बघत होता, चेहऱ्यावर असं समाधान की विशाखावहिनी गेल्यापासून मी त्याच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. मला ते सहन होईना. मी दगड मोजले. चौदा भरले. पुन्हा मोजले, चौदाच. गणिताच्या मास्तरला असलं चालत नाही, म्हणून मी जरा मोठ्यांदा म्हणालो, “चौदाच हायेत! एक कमी हाय!” शंभर माणसांनी वळून पाहिलं. आणि रेणुकादासने ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. पाचवीच्या पोराला करतात तसं. (कुठेही बसलं तरी एक दगड दिसत नाही अशीच ती रचना आहे, हे नंतर कळलं. आधी पाटी लावायला काय हरकत होती?) मी उठून बाहेर आलो आणि तळ्यातल्या माशांकडे बघत बसलो. तेही जोडीनेच फिरत होते.

त्याच संध्याकाळी आम्ही दुसऱ्या एका लहान देवळाच्या भक्तनिवासात मुक्काम केला. ओकुमुरा तिथे दर सोमवारी बागेची सेवा करतो, आणि अर्थातच रेणुकादासही त्याच्यासोबत जातो. पालापाचोळा वेचणं, शेवाळातलं तण काढणं, असलं. अहमदपूरला याने स्वतःच्या अंगणातली काडी कधी उचलली नाही, विशाखावहिनी कंबर धरून झाडायच्या आणि हा बाजेवर बसून त्यांना मराठीतली शुद्ध रूपं सांगायचा. मी रात्रभर ठरवत होतो की सेवा काय असते ते यांना दाखवून द्यायचं. उजाडता उजाडता मी उठलो. अंगण मोठं, शेवाळाचं, हिरवंगार, आणि त्याच्यावर लाल पानांचा नुसता सडा. मला खरोखर त्या साधूची कीव आली, दाजी. एवढं सुंदर देऊळ आणि दारात केवढा हा केर. भिंतीला बांबूचा खराटा टेकवून ठेवलेला होता. मी धोतर खोचलं (लोकरी विजारीवर मी धोतर नेसलो होतो, थंडीच तशी होती) आणि लागलो कामाला. आपल्याकडे दिवस उगवायच्या आत अंगण झाडलं नाही तर लक्ष्मी फाटकातूनच परत जाते. दीड तासात मी एकूण एक पान काढून भिंतीशी ढीग केला, साहेबांची तपासणी असली की शाळेचं मैदान करायचो तसं लख्ख. पाणी शिंपडायला बादली शोधत होतो तेवढ्यात साधू बाहेर आला.

त्याने अंगण पाहिलं. मग ढीग पाहिला. मग मला पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. मीही वाकलो. मला वाटलं, जिंकलो. त्याच्या मागून रेणुकादास आला आणि त्याने कपाळावर हात मारला, “शिवा, हे काय करून ठेवलंस रे!” तेव्हा खुलासा झाला. ती पानं मुद्दाम ठेवलेली असतात. हिरव्या शेवाळावर लाल पानं, हेच बघायला माणसं लांबून तिकीट काढून येतात. त्या बागेची नोव्हेंबरातली एवढीच कमाई, आणि दार उघडायला दोन तास राहिले होते. फाटकाबाहेर चार जण कॅमेरे घेऊन आलेलेही होते. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

यानंतर जे झालं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. ओकुमुरा ढिगाशी गेला, ओंजळभर पानं उचलली आणि शेवाळावर उकिडवा बसून एकेक पान पुन्हा मांडायला लागला. रेणुकादास त्याच्या शेजारी बसला. साधू, बालाजी, चंद्रप्पा, सगळे बसले. पण मी बघत होतो ते त्या दोघांकडे. ओकुमुरा एक पान ठेवायचा, रेणुकादास मान तिरकी करून बघायचा, नाही म्हणायचा, मग ओकुमुरा ते चार बोटं सरकवायचा, आणि दोघे हसायचे. पोट धरून हसायचे. कशाला हसत होते तर मला, हे उघड आहे, पण ते हसणं कुत्सित नव्हतं, म्हणूनच फार लागलं. रेणुकादासला असं खदखदून हसवायचं काम आजवर माझं होतं. मी पण चार पानं घेऊन गेलो आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला बसून मांडली. ओकुमुराने माझं पहिलं पान दोन बोटांनी हळूच उलटं केलं. दुसरं सरकवलं. तिसऱ्याला हात लावला नाही, नुसता बघत राहिला, ते मीच उचलून खिशात घातलं. ते पान तुमच्या घरच्या पंचांगात ठेवायला सोबत पाठवत आहे, अक्काला दाखवायला हरकत नाही.

दुपारी शेजारच्याच एका देवळात गेलो, तिथे नवस बोलायच्या लाकडी पाट्या मिळतात. वीतभर पाटी, तिच्यावर इच्छा लिहायची आणि चौकटीला टांगायची, मग देव फुरसतीने वाचतो. ही पद्धत मला पटली, तोंडी अर्जापेक्षा लेखी बरा. बालाजीने बागेसाठी मागितलं, चंद्रप्पाने मधुमेहासाठी. मी काय मागितलं असं सगळ्यांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की विश्वाचं कल्याण मागितलं. खाली आपल्या रिवाजाप्रमाणे पूर्ण नाव, मु. पो., तालुका, जिल्हा, राज्य, देश आणि पिनकोड लिहिला. आपण आपल्याकडे देवळाला पंखा दिला तरी पात्यावर नाव टाकतो, आणि इथे तर देव परमुलखातला, त्याला अहमदपूर कुठे सापडायचं? तिथेच एका मुलीला सांगून आमचा पाचही जणांचा फोटो काढून घेतला. रेणुकादास मधे, त्याचा एक हात ओकुमुराच्या खांद्यावर. दुसऱ्या हातात बालाजीने सांभाळायला दिलेला मुळा.

निघायच्या दिवशी तो स्टेशनवर सोडायला आला. बारा दिवसांत मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं, की तू परत येणार आहेस की नाही. जे विचारायला गेलो तेच राहिलं. प्रत्येक वेळी ओकुमुरा मधे असायचा, आणि तो नसला तर माझा धीर व्हायचा नाही, कारण ‘नाही’ म्हणाला असता तर मी काय करणार होतो? शेवटी गाडी यायला तीन मिनिटं असताना मी म्हणालो, “घराला गिऱ्हाईक बघू का मग?” तो म्हणाला, “तुळस हाय का अजून?” मी म्हणालो, हाय. तेवढ्यात गाडी आली, अगदी वेळेवर, मेली. आपल्या एसटीची मला त्या दिवशी फार आठवण झाली, तास-दीड तास आरामात बोलता आलं असतं.

असो. सांगायचं तात्पर्य, जपान छान आहे, देवळं छान आहेत, बागा छान आहेत, रेणुकादास तिकडे सुखात आहे आणि मला त्याचा आनंदच आहे. माणसाने जिथे सुख असेल तिथे राहावं. मी काही कुणाला ओढून आणणारा नव्हे. गिऱ्हाईक मी अजून बघितलेलं नाही, पण ते केवळ कंबरेमुळे. तुम्ही दाढ काढून घ्या, दुखणं अंगावर काढण्यात शहाणपण नाही. अक्काला सांगा, जपानी लोक आपल्या शेंगदाण्याच्या चटणीला हात लावत नाहीत, ओकुमुराने मात्र डबा संपवला.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
शिवशंकर

ता. क. : चंद्रप्पाकडून कळलं की ‘यशस्वी जपान दौऱ्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ असा फ्लेक्स तुम्ही नांदेडला छापायला टाकताय आणि तो आमच्या बसस्थानकासमोर लागणार आहे. दहा बाय आठचा. तुमच्या प्रेमाबद्दल शब्द नाहीत. परंतु त्यासाठी तुम्ही पाचही जणांचा तो पाट्यांसमोरचा फोटो (चंद्रप्पानेच पाठवलेला) निवडला आहे, तो कृपया छापू नका. हात जोडून विनंती आहे. मी त्यात जाड दिसतो.

ता. क. २ : वरचं कारण खरं नाही. त्या फोटोत रेणुकादासच्या डोक्याच्या बरोबर वर माझी पाटी टांगलेली आहे. तीस वर्षं फळ्यावर लिहिलं असल्याने माझं अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता येतं हे तुम्ही जाणताच. मोबाइलवर बोटांनी मोठं केलं तर स्पष्ट दिसतं, आणि दहा बाय आठवर एकेक अक्षर भाकरीएवढं होईल. मी विश्वाचं कल्याण मागितलेलं नाही. पाटीवर असं आहे : “रेणुकादास यास येथील काही आवडू नये. ओकुमुराशी त्याचे भांडण व्हावे. तो अहमदपूरला परत यावा, त्याच्यावाचून करमत नाही. – शिवशंकर मलप्पा हुडगे, सेवानिवृत्त सहशिक्षक,” आणि पुढे पत्ता. दाजी, जपानात हे कुणाला वाचता येणार, असा मी हिशेब केला होता. अहमदपूर बसस्थानकावर सगळ्यांना वाचता येतं.

ता. क. ३, दि. १० सकाळ : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. आत्ताच रेणुकादासचा फोन येऊन गेला. म्हणाला, “शिवा, तुझी पाटी मी त्याच दिवशी वाचली. अर्जावर तारीख न्हवती. बिनतारखेचा अर्ज आपण कधी घेतला का?” मग म्हणाला, “तुम्ही गेल्यावर सोमवारी जाऊन मीच टाकली. सहा फेब्रुवारी. मधलं वाक्य खोडलं, बाकीचं बरोबर हाय. तिकीट त्याच तारखेचं काढलंय, घर झाडून ठेव, तुला झाडता येतं.” दाजी, मी फोन धरून अंगणातच बसलो आणि खुशाल रडलो, ही खोकत बाहेर आली तरी थांबलो नाही. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला की सोबत ओकुमुराही येतोय, दोन महिने राहणार आहे, आणि उतरायची सोय तुझ्याकडं केलीय.

तेव्हा फोटो तोच राहू द्या. मधल्या ओळीवरून तेवढा झेंडूचा हार फिरवा, आणि फ्लेक्सवर तुमचा फोटो कुठे ना कुठे लागणारच आहे, तो ओकुमुराच्या तोंडावर बसवा.